चेंडू चुण्यांवर की सपाट कापडावर? मुलग्यांच्या कपड्यांसाठी तीन पद्धतींची तुलना

लहान मुलग्याच्या रोम्परवर किंवा शर्टाच्या छातीवर फुटबॉल, बॅट-बॉल किंवा रॅकेट काढायची असे एकदा ठरले की ती कोणत्या पद्धतीने काढायची हा प्रश्न उरतो, आणि कपडा मापात बसणार की नाही, तो किती टिकणार आणि किती दिवस हातात राहणार, हे सारे त्या एका निवडीवर अवलंबून असते. स्मॉकिंग म्हणजे कापडाला बारीक चुण्या घालून त्या चुण्यांवर केलेले भरतकाम. येथे तीन पर्यायांचा विचार केला आहे : चुण्यांवर केबल टाक्यांचे (दोरा आळीपाळीने वर-खाली ठेवत शेजारच्या चुण्या जोडणाऱ्या आडव्या टाक्यांचे) थर रचून चित्र काढणारे पिक्चर स्मॉकिंग, नक्षीचे नेहमीचे भौमितिक स्मॉकिंग आणि सपाट कापडावरचे ॲप्लिक, म्हणजे दुसऱ्या कापडातून कापलेला आकार वरून शिवणे. पहिल्या दोन्हींना स्मॉकिंगच म्हणतात, परंतु कपड्यावर त्यांची वागणूक इतकी वेगळी असते की त्यांना एकाच पद्धतीचे दोन नमुने समजणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

भौमितिक स्मॉकिंगमध्ये वेव्ह, ट्रेलिस यांसारखे तिरकस चालणारे टाके चुण्यांना धरून ठेवतात, पण जखडत नाहीत, त्यामुळे छातीपाशी कापड ताणले जाते आणि पुन्हा आपल्या जागी येते. इंग्लंडमधल्या शेतमजुरांचे जे सैलसर अंगरखे या कामासाठी ओळखले जातात, त्यांत चुण्यांचा उपयोग नेमका हाच होता. इलॅस्टिक नसताना हात मोकळे राहावेत म्हणून ही सोय होती. (स्मॉकिंग मुलींनाच शोभते असे म्हणणाऱ्यांना हे अंगरखे पुरुष कामकऱ्यांचे होते एवढे सांगणे पुरेसे आहे.) पिक्चर स्मॉकिंगमध्ये मात्र केबल टाक्यांच्या आडव्या ओळी एकीखाली एक अशा दाटून बसवतात, वरच्या ओळीचा टाका खालच्या ओळीच्या टाक्यात अडकतो, आणि रंगाचा एक भरीव ठोकळा तयार होतो. त्या ठोकळ्यामागच्या चुण्या पुढे हलत नाहीत. चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेत चुण्या पसरू नयेत म्हणून उलट बाजूने कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने केबलच्या ओळी घालाव्या लागतात, आणि त्यांनी उरलासुरला ताणही जातो. म्हणून पिक्चर स्मॉकिंगचा तुकडा कपड्यात ताणणारा भाग म्हणून नव्हे, तर ठरावीक मापाची पट्टी म्हणूनच बसवावा, आणि मोकळीक पाठीत, बगलेच्या शिवणीत किंवा खांद्याच्या पट्ट्यांवर दोन बटणे देऊन ठेवावी.

आता खेळाच्या विषयाकडे येऊ, कारण खरा कस येथेच लागतो. केबल टाक्यांनी चित्र पायऱ्यापायऱ्यांनी घडते, त्यामुळे सरळ कडांच्या वस्तू सहज येतात आणि गोल वस्तू त्रास देतात. दुर्दैवाने बहुतेक खेळांच्या केंद्रस्थानी चेंडूच असतो. आराखड्यावर अगदी गोल दिसणारा चेंडू कापडावर अंड्यासारखा होतो, कारण त्याची रुंदी चुण्या किती दाट किंवा विरळ आहेत यावर ठरते आणि उंची दोऱ्याच्या पदरांवर. सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घेतले तर थर कमी जाडीचे बसतात, चार घेतले तर चेंडू उंचीला वाढतो. माझा पहिला चेंडू असाच उभट झाला आणि रग्बीचा आहे असे सांगून वेळ निभवावी लागली. तेव्हापासून त्याच कापडाच्या चुणीदार तुकड्यावर एक चेंडू आधी काढून पाहिल्याशिवाय मी मूळ कामाला हात लावलेला नाही.

चेंडूंमध्येही भेद आहे. बास्केटबॉल सर्वांत सोपा : नारिंगी गोल भरायचा आणि त्यावर काळ्या रेषा उलट्या टिपेने टाकायच्या. क्रिकेटचा लाल चेंडू लहान आकारातही ओळखू येतो, कारण पांढऱ्या शिवणीचे दोनचार आखूड टाके पुरतात. टेनिसच्या पिवळसर हिरव्या चेंडूवर एक पांढरी वळणदार रेषा पुरे होते, पण रॅकेटची जाळी चुण्यांवर स्वच्छ येत नाही. फुटबॉल मात्र नवशिक्याने टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या परिचित फुटबॉलवर 12 काळे पंचकोन आणि 20 पांढरे षट्कोन असतात, त्याचे चित्र लहान आकारात काढताना मध्ये एक पंचकोन आणि कडेला काळे तुकडे एवढेच बसते, आणि पंचकोनाच्या तिरक्या कडा पायऱ्यांत हरवतात. शिवाय पांढऱ्या कापडावर पांढरा चेंडू उठून दिसत नाही, म्हणून कापड फिकट निळे किंवा हिरवे घ्यावे लागते. बॅटचे पाते केबल थरांसाठीच जन्माला आल्यासारखे आहे, परंतु स्टंपांसारख्या बारीक उभ्या रेषा थरांनी सुबक येत नाहीत. त्या काम झाल्यावर वरून लांब सरळ टाक्यांनी काढाव्यात. धावणारा खेळाडू, उडी मारणारा गोलरक्षक अशा आकृत्यांच्या मोहात पडू नये : हातापायांचे तिरपे अवयव थरांत ठोकळ्यासारखे दिसतात.

याउलट ॲप्लिकमध्ये चेंडू कात्रीने कापायचा असल्यामुळे तो गोलच राहतो, फुटबॉलचे पंचकोनही नीट बसतात, आणि फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारा थर) लावून कडेने काज टाका किंवा मशीनचा दाट झिगझॅग घातला की काम एका बैठकीत संपू शकते. त्याचे वैगुण्य दिसण्यात आहे. टाक्यांच्या थरांना जो उठाव आणि जी झळाळी येते ती कापडाच्या तुकड्याला येत नाही, आणि कडेचे टाके ढिले पडले की धुण्यात तो तुकडा उसवू लागतो.

कापड आणि श्रम यांचा हिशेबही आधी मांडावा. कोणत्याही स्मॉकिंगसाठी तयार पट्टीच्या साधारण तिप्पट रुंदीचे कापड लागते, म्हणजे 20 सेंटिमीटरची पट्टी हवी असेल तर सुमारे 60 सेंटिमीटर कापडाला चुण्या घालाव्या लागतात. ॲप्लिकला हा जादा खर्च नाही. चुण्या घालणारे प्लीटर यंत्र असल्यास चुण्यांचे धावदोरे थोड्या वेळात पडतात, हाताने घालताना मात्र त्यातच बराच वेळ जातो. भौमितिक नक्षीत एखादा टाका चुकला तर ती ओळ उसवून पुन्हा घालता येते. पिक्चर स्मॉकिंगमध्ये खालच्या थरात एक चुणी चुकली तर ती चूक प्रत्येक थरासोबत वर चढत जाते आणि बहुधा चेंडू पुरा होत आला की लक्षात येते, म्हणून मधली चुणी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने खूण करून ठेवावी आणि दर थराला तिच्यापासून दोन्हीकडे मोजावे. लाल आणि काळा दोरा फिकट कापडावर वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून त्याचा रंग जातो का हे पाहणे तर कोणत्याच पद्धतीत चुकवू नये.

वयाचा मुद्दा मी शेवटी ठेवला असला तरी निर्णय बहुतेक वेळा त्यावरच होतो. रांगणाऱ्या किंवा नुकत्या चालू लागलेल्या मुलासाठी, फोटोला किंवा समारंभाला घालायच्या रोम्परवर, छातीशी पिक्चर स्मॉकिंगची पट्टी सर्वांत देखणी दिसते, आणि तिच्याखाली सुटणारा घेर त्या वयात शोभतो. रोज अंगात घालायच्या, वाढत्या अंगाच्या कपड्याला भौमितिक स्मॉकिंग बरे. त्यात आवडत्या संघाचे दोन रंग घेऊन नक्षी घालावी आणि मधल्या मोकळ्या चौकटीत साटिन टाक्याचा एकच छोटा चेंडू काढावा, म्हणजे ताण राहतो आणि विषयही कळतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला छातीखाली फुगणारा घेर नकोसा होतो. त्याच्यासाठी पिक्चर स्मॉकिंगच हवे असेल तर पट्टीच्या वर-खाली पायपिंग लावून ती अस्तरावर पक्की शिवावी आणि खालचे कापड सपाट ठेवावे. मैदानात जाऊन मातीत लोळणाऱ्या शर्टावर मात्र ॲप्लिकच करावे, कारण तो शर्ट दर धुण्यानंतर इस्त्रीखाली जाणार, आणि स्मॉकिंगवर इस्त्री दाबली की थरांचा उठाव बसतो. स्मॉकिंगला वरून नुसती वाफच देता येते.