धरणावर गळ टाकायला सिंगल ॲक्शन रीळ घ्यावे की स्पिनिंग?

सिंगल ॲक्शन रिळाला गिअर नसतो. मूठ एकदा फिरवली की चक्री एकदाच फिरते, अगदी पतंगाच्या चक्रीसारखी. मासा दोर ओढत पळाला की मूठही उलटी गरगरते, आणि तिथे बोट सापडले तर सालटे निघते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर सॅल्मनसाठी ही रिळे आवडीने वापरतात, कारण तिथे दोर बहुतेक वेळा फेकायचा नसतो. होडीवरून खाली सोडायचा, नाहीतर चालत्या होडीमागे ओढायचा असतो. निवड या एका गोष्टीवर ठरते: तुम्ही दोर फेकणार की सोडणार?

आपल्याकडे माजलगाव, येलदरी किंवा विष्णुपुरीच्या काठावर बसून रोहू, मृगळ धरणाऱ्याला फेकावेच लागते. कणकेचा किंवा पेंडीचा गोळा ४० मीटर आत टाकायचा तर स्पिनिंग रीळच घ्या. त्याची चक्री स्थिर असते, तंगूस वेटोळ्यांनी सुटत जातो. सिंगल ॲक्शनवर तेवढे अंतर गाठायला दोर आधी हाताने काढून जमिनीवर पसरावा लागतो. काठाला वेडी बाभूळ असेल तर प्रत्येक फेकीला काट्यातून दोर सोडवत बसायची तयारी ठेवा. झाडोऱ्यातल्या मरळीसाठीही स्पिनिंगच, कारण तिथे बेडकाचे नकली आमिष नेमके फेकून भराभर ओढायचे असते.

गुंडाळण्याच्या वेगातला फरक आकड्यांत पाहा. १० सेंमी व्यासाची भरलेली चक्री एका फेऱ्यात ३१ सेंमी दोर घेते. ४.५ सेंमी चक्रीचे, ५.२:१ गिअरचे स्पिनिंग रीळ ७३ सेंमी घेते. म्हणजे ३० मीटर दोरासाठी एकावर सुमारे ९६ फेरे, दुसऱ्यावर ४१. वर सिंगल ॲक्शनची चक्री निम्मी रिकामी होऊन गुंडाळीचा व्यास ६ सेंमीवर आला, तर एका फेऱ्याला जेमतेम १९ सेंमी दोर येतो. म्हणून लहान, गोंडस रीळ घेऊ नका. मोठ्या व्यासाचे, जाड गाभ्याचे घ्या आणि तळाशी जुना तंगूस भरून चक्री कडेपासून ३ मिमी खालपर्यंत भरलेली ठेवा.

होडीवर मात्र पारडे फिरते. वल्ह्यांवर सावकाश चालणाऱ्या होडीमागे शिवड्यासाठी चमचा, म्हणजे धातूचे चमकते नकली आमिष, ओढायचा असेल, तर २० मीटर दोर एकदाच सोडायचा असतो. तिथे गिअर नसल्याचा तोटा जाणवत नाही. माशाचा प्रत्येक झटका थेट मुठीत येतो. रोहू-कटल्याची आशा या पद्धतीत धरू नये, ते पळत्या चमच्यामागे लागणारे मासे नव्हेत. स्पिनिंग रिळाचा ब्रेक सरकत असताना मूठ फिरवत राहिलात तर तंगुसाला पीळ पडतो. सिंगल ॲक्शनवर ती भानगड नाही. फिरत्या पात्याचा चमचा लावलात तर स्विव्हल, म्हणजे पीळ सोडवणारी फिरती कडी, दोन्ही रिळांवर हवीच.

दुसरा फायदा गाळाचा. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर काळ्या मातीचा चिखल आणि वर धूळ. स्पिनिंग रिळात ती बेल आर्मच्या (दोर चक्रीवर वळवणाऱ्या तारेच्या कमानीच्या) रोलरमध्ये शिरते, रोलर अडकतो आणि तंगूस एकाच जागी घासून कमजोर होतो. सिंगल ॲक्शनची चक्री एक खिट्टी दाबून बाहेर येते. पुसा, मधल्या दांड्याला तेलाचा एक थेंब लावा, बसवा. ब्रेकच्या चकत्यांना तेल लागू देऊ नका, नाहीतर ब्रेक घसरतो.

सिंगल ॲक्शनमध्येही दोन जाती. नुसत्या खटक्याच्या रिळात दातेरी चाकावर पट्टी टकटकते. ती फक्त चक्री बेफाम फिरू नये म्हणून असते, मोठा मासा तिने थांबत नाही. चक्रीच्या उघड्या कडेला तळहात टेकवूनच जोर द्यावा लागतो. डिस्क ब्रेकचे रीळ महाग, पण शिवड्यासाठी आम्ही तेच सुचवू. ब्रेक अंदाजाने आवळू नका: दोराला स्प्रिंगचा वजनकाटा बांधून ओढा. ६ किलो ताण सोसणाऱ्या तंगुसाला दोर दीड ते दोन किलोवर सुटायला हवा. गळकाठी होडीला टेकवून ठेवायची असेल तर ब्रेक आणखी सैल आणि खटका चालू ठेवा. आवळलेल्या ब्रेकवर काठीच पाण्यात जाते. घरी आल्यावर ब्रेक पूर्ण सैल करा, चकत्या दबून राहत नाहीत.

बॉल बेअरिंग किती, यावर दुकानदार फार बोलतो. मंद फिरणाऱ्या चक्रीला त्याने विशेष फरक पडत नाही. त्यापेक्षा चक्री हाताने हलवून पाहा: ती डगमगली किंवा चक्री आणि चौकटीतल्या फटीत तुमचा बारीक वेणीचा दोर शिरला, तर ते रीळ परत ठेवा. प्लास्टिकची चक्रीही टाळा. ताणून गुंडाळलेला तंगूस आकसतो आणि त्या दाबाने ती तडकू शकते. डावखुऱ्यांनी खटका उलटा बसवता येतो का, हे दुकानातच उघडून बघावे. आणि रीळ घेण्याआधी जलाशयाचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी काढा. नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) तर पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनविभागाचे नियमही लागतात.