मुलाची एकाहून अधिक हाडे मोडल्यावर: प्लास्टर की सळ्या?

संक्रांतीच्या दिवसांत पतंगामागे धावताना गच्चीवरून पडलेले किंवा रस्त्यावर गाडीची धडक बसलेले मूल नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत आणले जाते, तेव्हा डॉक्टर आधी डोके, छाती आणि पोट तपासतात. प्लास्टर की शस्त्रक्रिया हा प्रश्न पालकांपुढे त्यानंतर येतो.

मांडीचे एकच हाड मोडले असेल आणि मूल पाच वर्षांखालचे असेल, तर कमरेपासून पायापर्यंतचे प्लास्टर बहुधा पुरते, कारण त्या वयात हाड लवकर जुळते आणि थोडा बाक राहिला तरी वाढीबरोबर तो बराचसा सरळ होतो. चिरफाड टळते, हा त्याचा मोठा लाभ आहे. मात्र नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, अशा प्लास्टरमध्ये कित्येक आठवडे काढणे मुलालाही जड जाते आणि आईलाही: लहान डायपर प्लास्टरच्या कडेआत सारून त्यावर मोठा बांधावा लागतो, अन्यथा लघवी आत झिरपून कातडी सोलवटते.

मांडीसोबत हातही मोडला असेल, तर माझे मत शस्त्रक्रियेकडे झुकते, विशेषतः ५ ते ११ वर्षांच्या मुलांत. गुडघ्याच्या वरच्या बाजूने, वाढीची चकती (हाडाच्या टोकाजवळचा, जिथून हाड लांबीने वाढते तो भाग) टाळून, टायटॅनियमच्या दोन लवचिक सळ्या हाडाच्या पोकळीत सरकवल्या की मुलाला कुशीवर वळवता येते, बसवता येते आणि इतर जखमांची शुश्रूषा सोपी होते. याचा अर्थ प्रत्येक हाडात सळी घालावी असा नव्हे. मनगटाजवळचे हाड जागेवर बसवून प्लास्टर केले तरी बहुतेक वेळा उत्तम जुळते. अकरा वर्षांपुढच्या किंवा सुमारे ५० किलोंहून जड मुलांना या सळ्या अपुऱ्या पडतात, म्हणून जाड सळी किंवा धातूची पट्टी वापरतात.

सळ्यांची उणी बाजू म्हणजे गुडघ्याजवळ टोके टोचणे, संसर्गाचा थोडा धोका आणि सळ्या काढण्यासाठी साधारण सहा ते बारा महिन्यांनी होणारी दुसरी शस्त्रक्रिया. तिचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाला, आधीच विचारावे.

हाड कातडीबाहेर आले असेल, तर निवडीला वाव नसतो, शस्त्रक्रिया तातडीचीच. प्लास्टरनंतर वेदना वाढतच गेल्या, बोटे गार किंवा बधिर पडली, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे, आणि पारंपरिक हाड बसवणाऱ्याकडून घट्ट पट्टी मुळीच बांधून घेऊ नये.

उपाय कोणताही निवडला, तरी मोडलेली मांडी एखाद-दोन सेंटिमीटर अधिक वाढू शकते, म्हणून मूल चालू लागल्यानंतरही दोन्ही पायांची लांबी वरचेवर मोजून घ्यावी.