जिप्सीत डिझेल इंजिन टाकावं, गिअर बदलावेत की सरळ थार घ्यावी?

"स्विफ्टचं इंजिन मिळतंय रे, वायरिंग आणि ईसीएमसकट. टाकू का जिप्सीत?" असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. (ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर.) फोन करणारा आदल्याच रविवारी कुठल्यातरी चढावर अडकून, दोरीने ओढून घेऊन घरी आलेला असतो. त्याच्या पुढे गेलेली गाडी थार असते, डिझेल असते, आणि ती जराही न अडखळता चढलेली असते. तिथेच निम्मा निर्णय झालेला असतो. मला फोन फक्त "टाक" म्हणवून घ्यायला.

माझी स्वतःची जिप्सी २००६ची, पेट्रोलच आहे. मावसभावाने त्याच्या जिप्सीत डिझेल टाकलं आणि त्या कामाचे बहुतेक रविवार मी गॅरेजमध्येच स्टुलावर बसून काढले. दोन्ही गाड्या आजही एकत्र फिरतात. त्यामुळे खालचं मत अगदी तटस्थ आहे असं नाही, पण ऐकीव मात्र नाही.

आधी टायर मोजा. जिप्सी किंगला कंपनीचा टायर २०५/७० आर १५, म्हणजे उंची साधारण ६६८ मिलिमीटर. हौसेने बसवलेला २३५/७५ आर १५ जातो ७३३ च्या आसपास. चाक जवळपास १० टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे तेवढी ओढ तुम्ही स्वतःच्या हाताने घालवली. शिवाय तो टायर जड. "इंजिनात दम नाही" म्हणणाऱ्या निम्म्या जिप्सींच्या खाली मला हाच टायर दिसतो. उरलेल्यांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेलं असतं आणि ते कोणी मोजलेलंच नसतं.

आता मूळ प्रश्नाकडे. जिप्सीचं १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय पेट्रोल इंजिन ८० बीएचपी आणि १०३ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवणारी ओढ) देतं, तोही ४५०० आरपीएमला. स्विफ्ट, डिझायर, रिट्झमधलं १२४८ सीसीचं डीडीआयएस डिझेल इंजिन ७५ पीएसचं, पण टॉर्क १९० न्यूटन मीटर आणि तो २००० आरपीएमलाच. मुळात हे फियाटचं मल्टिजेट. आपल्या रांजणगावातही बनायचं. कागदावर ही लढत एकतर्फी वाटते. थांबा, त्यात गिअर मिसळू.

जिप्सीचा पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सनंतरचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा आणि हाय-लो बदलणारा डबा) लो २.२६८. गुणाकार केला तर पेट्रोलचे १०३ न्यूटन मीटर ट्रान्सफर केसमधून बाहेर पडताना ८५३ होतात. डीडीआयएसचे १९० होतात १५७४. गंमत म्हणजे ट्रान्सफर केसला हाय रेंजमध्येही १.४०९ चं रिडक्शन आहे, त्यामुळे डिझेल जिप्सी हायच्या पहिल्या गिअरमध्ये ९७८ देते, पेट्रोलच्या लोपेक्षा जास्त. भावाच्या गाडीत हे सीटवर बसल्या बसल्या जाणवतं. जिथे मी लो टाकून क्लचशी खेळत असतो तिथे तो हायमध्येच गप्पा मारत चढतो.

पण तिसराही एक आकडा आहे. जिप्सीची सख्खी बहीण म्हणजे परदेशातली सुझुकी सामुराई, आणि अमेरिकेत सामुराईच्या ट्रान्सफर केससाठी ४.१६ रेशोचे लो गिअर तयार मिळतात. तेच पेट्रोल इंजिन, तोच पहिला गिअर, लो फक्त ४.१६ धरा: १५६५. डिझेलच्या १५७४ ला जवळजवळ चिकटलं, आणि बॉनेट उघडलंसुद्धा नाही. मात्र ही तुलना दोन्ही इंजिनांच्या सर्वोच्च टॉर्कची आहे. २००० आरपीएमला पेट्रोल तेवढं देत नाही, आणि गिअर खाली आणल्याने गाडीचा वेगही त्याच प्रमाणात पडतो. दगडधोंड्यांत, ओढ्यात, शेताच्या बांधावर हवाच असतो तो कमी वेग. सहा माणसं आणि तंबू घेऊन वरंधा घाट चढताना मात्र या गिअरचा काही उपयोग नाही. तिथे डिझेल ते डिझेलच.

म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो, तुझी गाडी अडकते कुठे? दगडात की घाटात?

डिझेल म्हटलं की सगळं एकच असंही नाही. पूर्वी लोक झेन आणि एस्टीम डिझेलमधलं १५२७ सीसीचं प्यूजो इंजिन टाकायचे. टर्बो नाही, ईसीएम नाही, मेकॅनिकल पंप, कोणीही दुरुस्त करील. पण टॉर्क मूळ पेट्रोल इंजिनाइतकाही नाही. जो आहे तो खालच्या आरपीएमला मिळतो एवढंच समाधान. ॲम्बॅसॅडरचं दोन लिटरचं इसुझू बसायला सोपं, कारण ते मुळातच उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसणारं, मागची चाकं फिरवणारं इंजिन. महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय टाकलेल्या जिप्सीही मी पाहिल्यात. ओढ बैलासारखी, पण पुढचे स्प्रिंगचे पाटे दबतात, नाक जड होतं, आणि जिप्सीचं जे खरं भांडवल, एक टनाच्या आतलं वजन, तेच जातं. चिखलात महिंद्राच्या जीपगाड्या रुतलेल्या असताना जिप्सी वरून निघून जाते ती या हलकेपणामुळे. ते विकून ओढ विकत घेणं मला कधीच पटलेलं नाही.

स्पेनमध्ये सान्ताना कंपनीने सामुराईत प्यूजोचं १.९ लिटरचं डिझेल कारखान्यातच बसवलं, पुढे जिम्नीत रेनोचं दीड लिटरचं. म्हणजे कल्पना चूक नाही. फरक एवढाच की तिथे इंजिन टेकवायच्या फाउंडेशनपासून रेडिएटरपर्यंत सगळं इंजिनिअरने मापून दिलेलं होतं आणि कागदपत्रं गाडीबरोबरच आली होती.

आपल्याकडे माप गॅरेजात घेतलं जातं, खडूने. भावाच्या गाडीचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. चेन पुलीला टांगलेलं डीडीआयएस हळूहळू खाली येत होतं, मिस्त्री एका हाताने ते फिरवून उभं धरत होता. स्विफ्टमध्ये हे इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं बसवायचं. टेकलं, सगळ्यांनी श्वास सोडला, आणि मग मिस्त्री खाली पुठ्ठ्यावर आडवा झाला. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि पुढच्या ॲक्सलच्या मध्ये त्याची दोन बोटं जेमतेम गेली. "उभी आहे तोवर ठीक," तो खालूनच म्हणाला, "एका खड्ड्यात ॲक्सल वर आला की चेंबर फुटलं समजा." इंजिन परत वर गेलं. चेंबर कापून, उथळ करून, ऑइल उचलणारी नळी हलवून पुन्हा वेल्ड करण्यात तीन आठवडे गेले, आणि नंतर महिनाभर तिथून तेल पाझरत राहिलं.

असे तीन-तीन आठवडे बरेच असतात. इंजिन आणि जिप्सीचा गिअरबॉक्स जोडायला ॲडॉप्टर प्लेट लागते; ती लेथवर अर्धा मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली तरी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करू लागतं आणि दोष मात्र क्लचवर जातो. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा लागेल अशी जागा शोधायची, डिझेलची परतीची लाइन टाकीपर्यंत न्यायची. ईसीएमला इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) किल्ली ओळखीची लागते, म्हणून इंजिन घेताना किल्ली, मीटर, ॲक्सिलरेटर पेडल, सगळं एकाच गाडीचं घ्या. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या कुर्ल्यात जुन्या स्पेअरच्या बाजारात नुसतं इंजिन स्वस्त दिसतं. हे बाकीचं नंतर सुटं गोळा करताना खिसा रिकामा होतो. ब्रेकचंही बघा. पेट्रोल इंजिनात बूस्टरला व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो, डिझेलमध्ये तो आयता नसतो, त्यासाठी वेगळा पंप लागतो. डीडीआयएसवर तो असतो, पण पाइप नीट जोडला का, हे पहिल्या उतारावर कळू नये.

आणि हे सगळं जमलं तरी मागचा गिअरबॉक्स, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचे सांधे), ॲक्सल शाफ्ट १०३ न्यूटन मीटरसाठी बनवलेले. १९० तिथून जाणार. भावाने दोन वर्षांत एक मागचा शाफ्ट आणि दोन क्रॉस खाल्लेत. (४.१६च्या गिअरनेही मागच्या भागांवर तोच ताण येतो, हे कबूल करायला हवं. गिअरबॉक्स तेवढा वाचतो.)

चालवताना काय वाटतं? डीडीआयएसचा टर्बो १५००-१८०० आरपीएमच्या खाली झोपलेला असतो. स्विफ्टमध्ये सिग्नलवरून निघताना जो क्षणभराचा आळस जाणवतो तोच इथे दगडावर चाक ठेवल्यावर जाणवतो; मग अचानक टर्बो जागा होतो आणि गाडी उडी मारते. लो गिअरमध्ये हळूहळू जाताना ते नको असतं. उलट, डिझेलचा आयडल ईसीएम सांभाळतो, त्यामुळे उतारावर आणि सपाट दगडांत ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी मुंगीसारखी सरकते. हे सुख पेट्रोलमध्ये नाही, आणि मला त्याचा हेवा वाटतो.

पावसाळ्यात ओढे ओलांडताना डिझेलला स्पार्क नाही, त्यामुळे इग्निशन भिजून बंद पडण्याचा प्रश्न नाही, हा समज खरा आहे. पण हवेच्या वाटेने पाणी आत गेलं तर डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त असल्याने कनेक्टिंग रॉड वाकायची भीतीही जास्त. स्नॉर्केल (हवा उंचावरून घेणारी नळी) दोन्हीकडे हवाच. आणि डीडीआयएसचं ईसीएम डॅशबोर्डखाली उंच बसवा, पायाशी नको.

कागदाच्या बाबतीत मात्र बरोबरी नाहीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतले तपशील निर्मात्याने दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलायला सवलत आहे ती ठरलेल्या अटींत बसणाऱ्या कन्व्हर्जन किटला. सीएनजी, एलपीजी, बॅटरी ही त्यातली ओळखीची उदाहरणं. भंगारातून आणलेलं स्विफ्टचं इंजिन म्हणजे किट नव्हे. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

"कोण बघतंय?" असं गॅरेजवाला म्हणेल. बघतात. पीयूसीवाला नंबर टाकतो तेव्हा समोर इंधन पेट्रोल येतं आणि मागे उभी गाडी डिझेलचा धूर सोडत असते. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीला गाडी नेलीत की इन्स्पेक्टर बॉनेट उघडून इंजिन नंबर बघतो, आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. बहुतेक जिप्सी आता त्याच वयाच्या आहेत. अपघात झाला तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला हे सांगायलाही लागत नाही, आवाजावरून कळतं. समोरच्या माणसाला दुखापत झाली असेल तर ही बाब किती महागात पडेल याचा विचार मिस्त्री करणार नाही, तुम्हीच करायचा आहे.

पैशाचा हिशेब थोडक्यात. वर्षाला ६००० किलोमीटर धरा. पेट्रोल जिप्सी दहाचं ॲव्हरेज देते, लिटर १०४ रुपये धरले तर ६२,४०० रुपये. डिझेलवर चौदाचं धरलं, लिटर ९० ने, तर साडेअडतीस हजारांच्या आसपास. बचत साधारण २४,००० रुपये वर्षाला. इंजिन, प्लेट, लेथ, वायरिंग, रेडिएटर, मजुरी आणि चुका धरून अडीच लाख लागले तर वसूल व्हायला दहा वर्षं. तोवर त्या इंजिनाचं टर्बो आणि इंजेक्टरचं काम निघणार नाही असं मानणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

थारचा पर्याय इथेच पुढे येतो. २०१० ते २०२० मधली सीआरडीई थार २४९८ सीसी, १०५ बीएचपी, २४७ न्यूटन मीटर. २०२० नंतरची २१८४ सीसी, १३० बीएचपी, ३०० न्यूटन मीटर. आरसीवर डिझेल लिहिलेलं, विमा सरळ, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिस्त्री मिळतो. वजन दीड टनाच्या पुढे, त्यामुळे चिखलात जिप्सीची नजाकत नाही. पण जिप्सी विकून आलेल्या पैशात ते अडीच लाख मिळवले तर जुनी सीआरडीई आवाक्यात येऊ शकते. ज्याला घाट, लांबचा प्रवास आणि सामान महत्त्वाचं, त्याने हाच मार्ग धरावा. इंजिन स्वॅपच्या वाटेला जाऊच नये. २०२३ ला आलेली जिम्नी विचारात असेल तर तीही पेट्रोलच आहे, डिझेलचा प्रश्न तिथे संपतो.

मग स्वॅप करावाच कोणी? ज्याची गाडी सार्वजनिक रस्त्यावर येतच नाही, शेतात, फार्मवर किंवा ट्रेलरवर चढवून खासगी ट्रॅकवर जाते त्याने. त्यानेही ईसीएमवालं नको, मेकॅनिकल पंपाचं घ्यावं. आणि ज्याला गाडी चालवण्यापेक्षा गाडीखाली झोपण्यात आनंद आहे त्याने. माझा मावसभाऊ त्यातला.

बाकीच्यांना मी सांगतो ते असं: टायर मूळ मापाचे लावा, कॉम्प्रेशन तपासा, गरज असेल तर इंजिन काम करून घ्या, क्लच नवा टाका. एवढं करून पुन्हा त्याच चढावर जा, लोच्या पहिल्या गिअरमध्ये. तरी अडकलात तर ट्रान्सफर केसचे गिअर मागवा. मागवण्याआधी आपल्या केसची मापं घ्या, आणि कस्टम ड्यूटी किमतीत धरा. काही किटमध्ये हाय रेंजही थोडी खाली येते, मोठा टायर सोडवत नसेल तर ते उलट बरंच.

परवा फोन केलेल्या मित्राने अजून कॉम्प्रेशन मोजलेलं नाही. इंजिनाचा इसार मात्र देऊन आलाय.