सोन्याची निब असलेले शाईचे पेन
लिहिणे हा ज्यांच्या रोजच्या आनंदाचा भाग आहे, त्यांनी एकदा तरी १४ कॅरट सोन्याची निब असलेल्या पेनावर खर्च करावा, असे हे पेन वर्षभर वापरल्यावर मला मनापासून वाटते. अशा निबमध्ये सुमारे ५८.५ टक्के सोने असल्याने ती शाईने सहसा गंजत नाही, आणि कागदाला टेकणारे टोक कठीण मिश्रधातूचे असल्यामुळे लवकर झिजतही नाही. शाई केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीतून ओढली जाऊन, आपोआप उतरते, म्हणून हाताला जोर द्यावा लागत नाही. दहा-बारा पाने सलग लिहूनही माझी बोटे अवघडली नाहीत. हलक्या कागदावर मात्र शाई फुटते, त्यामुळे वहीही चांगलीच घ्यावी लागते. अधूनमधून पेन साध्या पाण्याने धुवावे लागते, आणि मला तर तेही काम प्रिय आहे.