झूम एफ३ : बैठकीच्या ध्वनिमुद्रणासाठी

सदाशिव पेठेतील गाण्याच्या एका घरगुती बैठकीत, गायकांची रीतसर परवानगी घेऊन, मी झूम कंपनीचा एफ३ हा रेकॉर्डर प्रथम वापरला. अगदी हलका आणि अगदी मोठा आवाज एकाच वेळी टिपणाऱ्या ३२-बिट फ्लोट पद्धतीमुळे त्यावर गेनचे, म्हणजे आवाजाची पातळी आधी ठरवण्याचे, बटणच नाही. विलंबितातला खर्जाचा हलका स्वर आणि द्रुत लयीत तबल्यावर पडलेली कडक थाप, दोन्ही न फाटता उमटले. आमच्या हौशी मंडळींपैकी काहींना एवढ्यानेच सारे साधले असे वाटते. जाणत्यांचे म्हणणे मात्र असे, की आवाज मायक्रोफोनमध्येच फाटला तर कोणताही रेकॉर्डर तो सांधू शकत नाही. मला हेच पटते. एफ३ला स्वतःचे मायक्रोफोन नसल्याने खर्च वाढतो, पण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमणारा झंकार, जशी ऐकू आली, ती ऐकून तो खर्च मला मुळीच सलला नाही.