ताज्या बर्फाची हमी आणि बनावट विमापत्र : हिवाळी पदभ्रमणातील फसवणुकीचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीत छोटेसे कार्यालय थाटलेल्या एका पदभ्रमण आयोजकाने गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाची जी फसवणूक केली, तिची हकिकत मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण येत्या मोसमासाठी त्याच्या जाहिराती वेगळ्या नावाने पुन्हा फिरू लागल्या आहेत आणि त्यांत छायाचित्रेही तीच आहेत. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर तो लोकांना घेऊन जातो. तिथे जेवणखाण, मुक्काम, वाट दाखवणे हे सारे तो नीट सांभाळतो आणि त्यामुळे कोल्हापुरात त्याच्याविषयी चांगलेच बोलले जाते. आमच्या शाळेतील काही शिक्षक, त्यांची कॉलेजात जाणारी मुले आणि निवृत्त झालेले दोन शेजारी असा आमचा गट याच ओळखीतून त्याच्याकडे गेला.

सहल केदारकंठाची होती. हे शिखर उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, सुमारे 3,800 मीटर उंचीवर आहे आणि त्याची नेहमीची वाट सांकरी या गावातून सुरू होते. जाहिरातीत ‘स्नोशू घालून ताज्या बर्फातून चाल’ असे ठळक छापले होते. स्नोशू म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट. शेजारी नारिंगी चौकटीचे स्नोशू घातलेल्या पायांचे सुंदर छायाचित्र होते. माणशी 18,500 रुपये, त्यांतील निम्मे नोंदणीच्या वेळी आणि उरलेले निघण्यापूर्वी. त्या रकमेत स्नोशू, वन विभागाचा परवाना, प्रशिक्षित गाईड आणि बचावकार्यासह विमा हे सारे आले, असे त्याने लिहून दिले. आम्ही कागद मागितले आणि त्याने ते दिलेही. प्रत्येकाच्या नावाचे विमापत्र आणि परवान्याची म्हणून एक प्रत आमच्या मोबाईलवर आली. “मॅडम, बर्फाची काळजीच करू नका, गुडघाभर ताजा बर्फ मिळणार म्हणजे मिळणार, माझी गॅरंटी,” असे तो मला म्हणाला होता.

या हमीपाशी थोडे थांबले पाहिजे. हिमालयात हिवाळ्यात पडणारा बर्फ मुख्यतः पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांमुळे पडतो. असा झंझावात कधी येईल, किती जोरात येईल आणि नेमका कुठे बरसेल, याचा भरवशाचा अंदाज फार तर काही दिवस आधी देता येतो. महिनाभर आधी ताज्या बर्फाची तारीख देणारा माणूस, त्याला स्वतःला माहीत असणे शक्य नाही अशी गोष्ट विकत असतो. शिवाय ताजा बर्फ हाच हिवाळी चालीतला सर्वांत जपून हाताळायचा भाग आहे. मोठ्या हिमवर्षावानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत, विशेषतः साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारांवर, हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. ज्याला खरोखर नियोजन करायचे आहे, तो अशा वेळी खालीच थांबण्याचा जादा दिवस कार्यक्रमात धरतो. आमच्या कार्यक्रमात एकही राखीव दिवस नव्हता आणि त्याचे कारण विचारले असता ‘उगाच खर्च वाढतो’ एवढेच उत्तर मिळाले होते.

कोल्हापूरहून निजामुद्दीनला जाणाऱ्या साप्ताहिक गाडीने आम्ही दिल्ली गाठली आणि तेथून डेहराडूनला गेलो. डेहराडूनपासून मसुरी, पुरोला, मोरी या मार्गाने जीपचा लांबलचक घाटप्रवास झाला. आयोजक स्वतः दिल्लीपर्यंतही आला नाही. ‘वर माझा माणूस आहे, तो सगळं बघेल’ असे तो फोनवर सांगत राहिला. हा भाग गोविंद वन्यजीव विहारात येतो. वाटेत वन विभागाच्या नाक्यावर आमची नावे कुठल्याही यादीत सापडली नाहीत आणि मोबाईलवरची प्रत दाखवताच तिथल्या कर्मचाऱ्याने तो परवाना जुना असून त्यावरची तारीख बदललेली असल्याचे दाखवून दिले. त्याने आम्हांला सौजन्याने वागवले. शुल्क भरून, ओळखपत्रे दाखवून आम्ही गावापर्यंत जाण्याची सोय करून घेतली.

सांकरीत ‘माझा माणूस’ म्हणून जो भेटला, तो एक स्थानिक ठेकेदार होता. त्याला आगाऊ रक्कम म्हणून जे मिळाले होते, ते आमच्या पहिल्या मुक्कामाच्या जेवणालाही पुरणारे नव्हते. त्याने कोपऱ्यातले एक पोते आमच्यासमोर ओतले आणि ‘तुमच्या आयोजकाने एवढेच सामान सांगितले होते’ असे म्हणाला. त्यात स्नोशू नव्हतेच. बुटाच्या तळाला अडकवायची रबरी पट्ट्यांची मायक्रोस्पाइक होती. काहींच्या साखळ्या तुटून तारेने बांधलेल्या, काहींचे रबर इतके वाळलेले की ताणताच चिरत होते.

दोन्ही वस्तूंतला फरक ज्याला ठाऊक नाही, त्याला ही बदली किरकोळ वाटेल. म्हणून तो स्पष्ट सांगते. मायक्रोस्पाइकचे बारीक दाते घट्ट झालेल्या बर्फावर आणि गोठलेल्या वाटेवर पकड देतात. भुसभुशीत ताज्या बर्फात त्यांचा काहीही उपयोग नसतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि प्रत्येक पावलाला तो उपसून काढावा लागतो. स्नोशूची रुंद चौकट शरीराचे वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरवते, त्यामुळे माणूस कमी रुततो. त्याची टाच मोकळी असते आणि चवड्याखाली धातूचे दाते असतात. पायांना गुडघ्याखालपर्यंत गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पिंडरीभोवती बांधायची आवरणे, नसतील, तर बर्फ बुटात शिरून मोजे ओले होतात आणि उंचीवरच्या रात्री ओले मोजे म्हणजे हिमदंशाला आमंत्रण असते. आमच्या पोत्यात गेटरही अपुरे होते.

आदल्या रात्री बर्फ पडला होता आणि तिथल्या एका अनुभवी वाटाड्याने गावाबाहेरच्या उतारावर नेऊन आम्हांला तो काठीने दाखवला. वरचा हातभर थर काठीला अजिबात दाद न देता खाली गेला, त्याखाली जुना टणक थर ठणकन लागला. “ऊपर का माल अभी बैठा नहीं है, काका,” असे तो आमच्यातील ज्येष्ठांना म्हणाला आणि शिखराखालच्या तीव्र चढणीकडे त्याने बोट दाखवले. तो थर सरकला तर काय होते, हे उत्तरकाशी जिल्ह्याला कुणी सांगावे लागत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावरील हिमस्खलनात तिथल्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले होते, तेही प्रशिक्षित लोकांच्या सोबतीने चढत असताना. आम्ही वर गेलो नाही. खालच्या जंगलातील सौम्य वाटेवर, त्या वाटाड्याला वेगळे पैसे देऊन, थोडे चालून परत फिरलो. आयोजकाचा फोन तोवर बंद झाला होता.

सर्वांत संतापजनक बाब विमापत्राची होती. सांकरीतून संपर्क होत नव्हता म्हणून डेहराडूनला आल्यावर विमा कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर पॉलिसी क्रमांक सांगितला, तेव्हा तो एका दुचाकीच्या विम्याचा असल्याचे कळले. आम्हा सर्वांच्या नावांच्या पत्रांवर तोच एक क्रमांक होता. वर कुणाचा पाय मोडला असता, उंचीमुळे श्वास लागला असता, तर त्या कागदावर एक रुपयाही मिळाला नसता. विमा खरा असला, तरी त्यात किती उंचीपर्यंतचे पदभ्रमण धरले आहे आणि हेलिकॉप्टरने बचाव केल्यास खर्च मिळतो का, हे पॉलिसीच्या मूळ मजकुरातच वाचावे लागते. साध्या प्रवासविम्यात साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात.

परत आल्यावर आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीचे आहे आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा वेगळा नोंदवता येतो. आयोजकाने पैसे कार्यालयाच्या नावाच्या खात्यात न घेता एका नातेवाइकाच्या खात्यावर यूपीआयने घेतले होते, तो तपशील आम्ही बँकेच्या उताऱ्यासह जोडला. ऑनलाइन पैसे गेले असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. आम्हांला हे उशिरा समजले. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. आमची तक्रार कोल्हापूरच्या आयोगापुढे आहे. नोटीस गेल्यावर आयोजकाने काही जणांना थोडे पैसे परत देऊन ‘तक्रार मागे घ्या’ असा निरोप पाठवला. गटातील कुणीही ती मागे घेतलेली नाही.

यंदा कुणी त्याच्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे नाव नोंदवणार असेल, तर पैसे देण्यापूर्वी पॉलिसी क्रमांक कंपनीकडून स्वतः तपासून घ्यावा. परवान्यात आपले नाव आहे की नाही, हे स्थानिक वन कार्यालयाला विचारावे. सोबत येणाऱ्या गाईडचे नाव, त्याचे प्रशिक्षण आणि तो प्रत्यक्ष कोणत्या दिवशी कुठून सामील होणार, हे लेखी घ्यावे. स्नोशूचे छायाचित्र न पाहता, जे आपल्याला मिळणार आहेत तेच स्नोशू कोल्हापुरातच बघायला मागावेत आणि आपल्या बुटाला बांधून पाहावेत. ज्यांनी या आयोजकाला यापूर्वी हिमालयातील सहलीसाठी पैसे दिले आहेत, त्यांनी पावत्या, संदेश आणि ती विमापत्रे जपून ठेवावीत. आमच्या पत्रांवरचा क्रमांक त्यांच्याही पत्रांवर आढळला, तर त्यांनी तो आयोगापुढे मांडावा.