वारज्याचे सिप्ला केंद्र आणि आमचे अण्णा

माझे वडील, आमचे अण्णा, गालाच्या कर्करोगाने गेल्या भाद्रपदात गेले. पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या केंद्रात, त्यांची जी शुश्रूषा झाली, तिच्याविषयी लिहायचे वर्षभर मनात होते. वर्षश्राद्ध पार पडल्यावर आज लिहायला बसलो आहे.

शस्त्रक्रिया आणि रेडिएशन होऊनही रोग उलटला, तेव्हा आधीच्या रुग्णालयात 'आता घरी न्या, करण्यासारखे काही राहिले नाही' एवढेच सांगण्यात आले. घरी आणल्यावर गालावरची जखम बाहेर फुटली, तिला वास येऊ लागला, आणि आयुष्यभर माणसांत रमलेले अण्णा तोंडावर पंचा ओढून भिंतीकडे वळून पडू लागले. नातू खोलीत डोकावला की ते हातानेच त्याला बाहेर जायची खूण करीत. त्यांच्या वेदनेपेक्षाही हे पाहणे आम्हाला जड जात होते.

1997 पासून चालणाऱ्या या केंद्रात कर्करोगाच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते, हे कानावर आले तेव्हाही 'मरायला नेऊन ठेवायची जागा' अशी धास्ती माझ्या मनात होती. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी फाइल वाचली, मग ती बाजूला ठेवून थेट अण्णांनाच विचारले, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" अण्णांना बोलता येत नव्हते. त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला: 'वास'.

सिस्टरांनी चिकटलेली पट्टी ओढून न काढता सलाइनने भिजवून सुटी केली, जखम हलक्या हाताने धुतली आणि मेट्रोनिडाझोल या जंतूंवरच्या औषधाच्या गोळ्यांची बारीक पूड तीवर पेरून नवी पट्टी बांधली. मृत पेशींत वाढणाऱ्या जंतूंमुळे हा वास येतो, असे त्यांनी आईला काम करता करताच समजावले. चार-पाच दिवसांत वास जवळजवळ गेला. इतका साधा उपाय आम्हाला आधी कोणीच सांगितला नव्हता, याची खंत आजही वाटते. त्या आठवड्यात अण्णांनी वॉर्डातल्या मदतनीस मामांना खुणेने बोलावून घेतले आणि पट्टी नसलेल्या गालाची दाढी करून घेतली. अर्ध्याच चेहऱ्याची ती दाढी मामांनी साबणाचा फेस काढून, कल्ले नीट जुळवून, इतक्या मन लावून केली की आई दाराशी उभी राहून रडली. दुसऱ्या दिवशी नातू त्यांच्या उशाशी बसून गृहपाठ करीत होता.

वेदनेसाठी दर चार तासांनी अन्नाच्या नळीवाटे मॉर्फिन हे अफूपासून बनणारे वेदनाशामक सुरू झाले आणि त्याने पोट बांधले जाते म्हणून जोडीला पोट साफ होण्याचे औषधही आले. 'सवय लागेल' या आईच्या भीतीवर डॉक्टर अर्धा तास तिच्याजवळ बसून बोलले. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध मिळणे फार अवघड झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने नियम पुष्कळ सुटसुटीत झाले, तरी ते सर्रास मिळत नाही, हे आम्ही स्वतः हिंडून अनुभवले होते.

घरचे माणूस रुग्णाजवळ राहते आणि तेही सेवा शिकते, ही मला या केंद्राची सर्वांत मोलाची बाजू वाटते. नळीतून पेज देताना डोके उंच ठेवायचे, नंतर पाणी सोडून नळी धुवायची, पट्टी कशी बदलायची, हे सारे आई तिथेच शिकली. म्हणूनच अण्णांची इच्छा होती तसे त्यांना शेवटचे अकरा दिवस घरी आणता आले. वाचकांना माझी विनंती आहे की आमच्यासारखे सर्व दारे बंद होईपर्यंत थांबू नका. उपचार चालू असतानाही ही मदत घेता येते.

तेरावे झाल्यावर उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत द्यायला मी वारज्याला गेलो. सिस्टरांनी त्या मोजून वहीत नोंद केली, माझी सही घेतली, आणि वही मिटता मिटता विचारले, "आई रात्री झोपतात का? पट्टी बदलायच्या वेळी जाग येत असेल त्यांना." खरोखरच आई रोज पहाटे चारला उठून बसत होती.